शोकाची वास्तू आणि संगोपनाची वास्तू

तापीच्या उत्तर तीरावर वसलेल्या बऱ्हाणपुराचा राजघाट इतिहासाच्या अभ्यासकांस अपरिचित नाही. घाटाच्या सान्निध्यात शाही किल्ला उभा आहे, आणि पलीकडच्या तीरावर झैनाबाद. याच बऱ्हाणपुरी १७ जून १६३१ रोजी शहाजहान बादशहाची पत्नी मुमताजमहल आपल्या चौदाव्या अपत्यास जन्म देऊन मरण पावली. झैनाबादच्या बागेत तिचे तात्पुरते दफन झाले आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात तिचे शव आग्र्यास नेण्यात आले. बादशहाच्या दाढीचे केस त्या शोकाने पांढरे झाले, असे दरबारच्या बखरकारांनी नोंदून ठेवले आहे. पुढे त्या शोकाची जी वास्तू यमुनेच्या काठी उभी राहिली, ती साऱ्या जगास ठाऊक आहे.

राजघाटाजवळ नदीच्या पात्रात एक दगडी हत्ती आहे. विल्यम फिंच हा इंग्रज व्यापारी १६१० साली बऱ्हाणपुरी आला होता. त्याने आपल्या वृत्तान्तात या हत्तीचा उल्लेख केला असून, हत्तीच्या मस्तकास पुढून तांबडा रंग दिलेला आहे आणि भाबडे लोक त्याची पूजा करतात, असे लिहिले आहे. म्हणजे एकाच नदीकाठी दुःखाला दोन उत्तरे दिली जात होती. राजाचे उत्तर संगमरवराचे, तर प्रजेचे उत्तर शेंदराचे आणि नवसाचे. पण मनुष्याच्या वाट्यास आणखी एक प्रकारचे दुःख येते, आणि त्यास ही दोन्ही उत्तरे पुरी पडत नाहीत. मूल जिवंत आहे, अंगाने धडधाकट आहे, डोळ्यांना सुंदर दिसते. पण हाक मारली तर वळून पाहत नाही, बोलू लागलेले शब्द हरवून बसते, आणि आईच्या मांडीवर असूनही जणू दूर कोठे तरी असते. अशा मुलाच्या आईबापांनी कोणाचे स्मारक बांधावे? त्यांना स्मारक नको असते. त्यांना उद्याचा दिवस कसा काढावा हे हवे असते. या आईबापांनी काय सोसले, कोणत्या आरोपांतून ते गेले आणि त्यातून त्यांनी काय उभे केले, याचा इतिहास मराठीत क्वचितच सांगितला जातो. प्रस्तुत लेखात त्याची रूपरेषा मांडावयाची आहे.

ज्या अवस्थेस आपण आज ‘स्वमग्नता’ म्हणतो, तिचे मूळ नाव ‘ऑटिझम’ होय. स्विस मनोवैद्य ऑयगेन ब्लॉयलर याने ‘स्व’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून हा शब्द विसाव्या शतकाच्या प्रारंभी घडविला, तो प्रौढ मनोरुग्णांच्या एका लक्षणासाठी. बालकांच्या बाबतीत त्याचा आजचा अर्थ पुढे रूढ झाला. स्वमग्नता हा औषधाने बरा होणारा आजार नव्हे. ती मेंदूच्या वाढीची जन्मजात निराळी घडण आहे. दुसऱ्याशी संवाद साधणे, नजरेची व हावभावांची भाषा उमगणे या गोष्टी अशा मुलास कठीण जातात. ठरलेला क्रम मोडला की त्याचा जीव कासावीस होतो. कुकरची शिट्टी, वरातीचा बँड, सदऱ्याच्या आतली शिवण यांसारख्या क्षुल्लक गोष्टी त्यास असह्य होतात. कोणी आयुष्यभर बोलत नाही, तर कोणी रेल्वेचे संपूर्ण वेळापत्रक मुखोद्गत म्हणून दाखवितो. मराठी शब्द सुंदर आहे खरा, पण तो किंचित फसवाही आहे. मूल स्वतःतच मग्न आहे असे म्हटले की त्यास कोणाची गरजच नाही असा भास होतो, आणि वस्तुस्थिती बहुधा तशी नसते.

नाव नवे असले तरी अशी माणसे नवी नसावीत. बऱ्हाणपुराच्या शेजारचा प्रांत म्हणजे वऱ्हाड. तेथील ऋद्धिपुरी तेराव्या शतकात गुंडम राऊळ, म्हणजेच महानुभावांचे गोविंदप्रभू, होऊन गेले. म्हाइंभटाने लिहिलेले त्यांचे चरित्र मराठी गद्याच्या पहिल्या लेण्यांपैकी एक होय. लहानपणीच आईबाप गेल्यावर नातेवाइकांनी त्यांना वाढविले. मनास येईल तेथे भटकावे, दिसेल त्या वस्तूशी खेळावे, एखाद्या खाद्यपदार्थासाठी हट्ट धरावा, स्वतःशीच बोलावे, असे त्यांचे वर्तन चरित्रकाराने निःसंकोचपणे टिपले आहे. लोक त्यांना वेडे म्हणत आणि तेच लोक त्यांना मायबापही म्हणत. सातशे वर्षांपूर्वीच्या अवतारी पुरुषावर आजच्या वैद्यकाचे नाव चिकटविणे हे इतिहासाला धरून होणार नाही, आणि भक्तांच्या श्रद्धेलाही धरून होणार नाही. परंतु एक गोष्ट त्या ग्रंथातून निर्विवाद दिसते. चारचौघांहून निराळ्या वागणाऱ्या माणसाला एका अख्ख्या गावाने सांभाळून घेतले. तो भार कोणा एका घरावर, कोणा एका आईवर पडला नाही.

विसाव्या शतकात हा भार नेमका आईवर आला, आणि तो शास्त्राच्या नावाने आला. ती हकीगत समजून घेण्यासाठी अमेरिकेकडे वळले पाहिजे. १९३८ साली मिसिसिपी राज्यातील फॉरेस्ट या लहानशा गावच्या एका वकिलाने आपल्या पाच वर्षांच्या मुलाविषयी बाल्टिमोरचे बालमनोवैद्य लिओ कॅनर यांना तेहतीस पानांचे पत्र पाठविले. मूल काय खाते, काय फिरवीत बसते, कोणते शब्द पुन्हा पुन्हा उच्चारते, एकटे असताना किती आनंदी असते, हे सारे त्या बापाने बारकाईने लिहिले होते. १९४३ साली कॅनर यांचा अकरा मुलांवरील सुप्रसिद्ध निबंध प्रसिद्ध झाला. त्यातील पहिले मूल हेच होय. स्वमग्नतेच्या वैद्यकशास्त्राचा आरंभ असा एका बापाच्या निरीक्षणातून झाला आहे.

परंतु त्याच निबंधात एक विसंगती होती. ही मुले जन्मतःच निराळी असतात असा निष्कर्ष काढणाऱ्या कॅनर यांनी त्यांचे आईबाप बुद्धिमान पण मायेने कोरडे असल्याची टिप्पणीही जोडली. १९४९ साली त्यांनी अशा घरांना शीतकपाटाची उपमा दिली, आणि ‘शीतकपाट आई’ हा शब्दप्रयोग जगभर पसरला. ब्रूनो बेटेलहाइम यांनी १९६७ च्या आपल्या ग्रंथात तर अशा मुलाच्या अवस्थेची तुलना नाझींच्या छळछावणीतील कैद्याशी केली. त्या तुलनेत पहारेकऱ्याच्या जागी कोण येते हे उघड आहे. मूल रात्रभर झोपत नाही म्हणून जागणाऱ्या आईस दिवसा वैद्याकडे जाऊन ऐकावे लागे की दोष तिच्याच प्रेमात आहे.

आपल्याकडे पाश्चात्त्य सिद्धान्ताची पुस्तके थोड्यांनीच वाचली असतील, पण निवाडा निराळा नव्हता. पूर्वजन्मीचे पाप, गरोदरपणी पाळले न गेलेले ग्रहण, कुलदैवताचा राहिलेला कुलाचार, अशी कारणे घराघरांत सांगितली गेली, आणि त्यांतील बहुतेकांचा रोख सुनेकडे असे. दुसऱ्या बाजूने आपल्या वाङ्मयाने आईची एक उदात्त मूर्ती घडविली होती. साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात ‘श्यामची आई’ लिहिली, आणि ती आई महाराष्ट्राची आई झाली. त्या ग्रंथाचे ऋण कोण अमान्य करील? पण समाजाने त्यातून एक सोयीचा अर्थ काढला. आई सोसते, आणि सोसणे हाच तिचा धर्म. सूक्ष्मपणे पाहिले तर दोषी आई आणि देवता आई या दोन मूर्ती परस्परविरुद्ध वाटल्या तरी दोघींचे कार्य एकच होते. दोघीही मुलाचा सगळा भार एकट्या बाईवर ठेवून बाकीच्यांना मोकळे करतात.

या आरोपातून आईबापांची सुटका झाली ती मुख्यतः आईबापांनीच केलेल्या अभ्यासामुळे. लंडनमध्ये १९६२ साली पालकांनी एक संस्था स्थापिली. तिच्या संस्थापकांत लोर्ना विंग या मनोवैद्य होत्या, आणि त्यांची स्वतःची मुलगी स्वमग्न होती. स्वमग्नता ही एकच एक ठराविक अवस्था नसून तिच्या अनेक छटा आहेत, हा आज सर्वमान्य झालेला विचार मुख्यतः त्यांचा. अमेरिकेत बर्नार्ड रिमलंड हे मानसशास्त्रज्ञ स्वमग्न मुलाचे वडील होते. १९६४ साली त्यांनी ग्रंथ लिहून ही अवस्था मेंदूशी निगडित आहे असे प्रतिपादन केले. त्या ग्रंथास प्रस्तावना लिहिली ती कॅनर यांनी. पुढच्याच वर्षी रिमलंड यांच्या पुढाकाराने अमेरिकेतील पालकांची संघटना झाली, आणि १९६९ साली तिच्या सभेत कॅनर यांनी आईबापांस जाहीरपणे दोषमुक्त केले. १९७७ साली इंग्लंडमधील एकवीस जुळ्या जोड्यांच्या अभ्यासाने आनुवंशिकतेचा धागा स्पष्ट दाखविला. पहिल्या निबंधापासून तेथवर चौतीस वर्षे गेली होती. त्या काळात ज्या माता स्वतःला अपराधी मानून निघून गेल्या, त्यांची गणना कोठेही नाही.

आता आपल्या देशाकडे वळू. मुंबईस १९३७ साली सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालयात बालमार्गदर्शन केंद्र निघाले. १९४१ साली मानखुर्दला मतिमंद मुलांसाठी वसतिगृह निघाले. १९४४ हे वर्ष दोन कारणांनी लक्षात ठेवावे असे आहे. त्या वर्षी दार्जिलिंग येथे काम करणाऱ्या ए. रोनाल्ड या व्हिएन्नाच्या बालरोगतज्ज्ञांनी भारतीय बालरोगविषयक नियतकालिकात असामान्य मुलांविषयी लेख लिहिला. आज आपण जिला स्वमग्नता म्हणू तशा लक्षणांची दखल त्यात आढळते. त्याच वर्षी मुंबईत जय आणि होरमसजी वकील या पारशी दाम्पत्याने शाळा काढली. त्यांच्या मुलीस डाउन सिंड्रोम होते, आणि तिच्यासाठी योग्य अशी शाळा नव्हती. डाउन सिंड्रोम आणि स्वमग्नता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. परंतु त्या काळी दोघींसही एकच दार बंद होते, आणि या दाम्पत्याने उघडलेल्या दारातून पुढे अनेक प्रकारची मुले आत आली. शिवडीची जय वकील शाळा ती हीच. शहाजहानाने गेलेल्या पत्नीसाठी वास्तू बांधली. वकील दाम्पत्याने आपल्या जिवंत मुलीसाठी बांधली, आणि तिच्याबरोबर इतरांच्या मुलांसाठीही बांधली.

पुढचे काम संथ गतीने झाले. १९५९ साली ‘ऑटिझम’ हा शब्द भारतीय बालरोगविषयक लेखनात आला, पण सामान्य डॉक्टरांपर्यंत तो पोचण्यास आणखी तीन दशके लागली. १९९१ साली दिल्लीत मेरी बरुआ या स्वमग्न मुलाच्या आईने ‘अ‍ॅक्शन फॉर ऑटिझम’ ही संस्था सुरू केली. मुंबईजवळ बदलापूर येथे पालकांनीच ‘आधार’ ही निवासी संस्था उभारली, ती एका प्रश्नातून. “आमच्यामागे याचे कोण?” हा प्रश्न वयात आलेल्या अशा प्रत्येक मुलाच्या आईबापांना रात्री जागे ठेवतो. १९९५ साली देशभरच्या पालकसंघटनांचा ‘परिवार’ हा महासंघ झाला.

त्याच १९९५ साली अपंग व्यक्तींसाठी केंद्रीय कायदा झाला, पण त्यातील सात प्रकारांत स्वमग्नतेचे नाव नव्हते. नाव नाही म्हणजे दाखला नाही, दाखला नाही म्हणजे सवलत नाही, असा त्याचा व्यवहारातला अर्थ होता. पालकांच्या चळवळीमुळे १९९९ साली राष्ट्रीय न्यासाचा कायदा झाला. स्वमग्नता, मेंदूचा पक्षाघात, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चारही अवस्था त्यात नामनिर्देशाने आल्या. सज्ञान झालेल्या अशा व्यक्तीस पालक नेमून देण्याचे काम जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे सोपविण्यात आले. पुढे २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांतही स्वमग्नतेचा समावेश झाला. ‘आमच्यामागे कोण’ या प्रश्नास कायद्याने दिलेले हे पहिले उत्तर आहे. ते पूर्ण नाही, पण त्यामागे आईबापांचे अनेक वर्षांचे हेलपाटे आहेत.

संस्थांच्या या हकीकतीमागे घराघरांतील एक हकीकत आहे, आणि तीच खरी कठीण आहे. ‘ताण’ या कल्पनेस शरीरशास्त्रात स्थान मिळाले ते हान्स सेल्ये यांच्या १९३६ च्या निबंधापासून. कुटुंबाच्या ताणाचे विवेचन रूबेन हिल यांनी महायुद्धाने ताटातूट झालेल्या कुटुंबांच्या अभ्यासातून १९४९ साली केले. त्यांचे म्हणणे असे की, संकट किती मोठे ठरते हे केवळ प्रसंगावर ठरत नाही. कुटुंबाजवळची साधने आणि त्या प्रसंगाला कुटुंबाने दिलेला अर्थ यांवरही ते ठरते. हे सूत्र आपल्या घरांस लावून पाहावे. झोप न मिळणे, मुलाने स्वतःस इजा करून घेणे, एकाने नोकरी सोडणे (आणि ती बहुधा आईनेच सोडणे), उपचारांचा खर्च, हा झाला प्रसंग. एकत्र कुटुंब, शेजार, शाळा, पैसा, ही झाली साधने. ‘हे आमच्या कर्माचे फळ’ किंवा ‘हे आमच्या मुलाचे रूप’, हा झाला अर्थ. प्रसंग सहसा बदलत नाही, पण उरलेल्या दोन गोष्टी बदलता येतात. ताण मात्र काल्पनिक नसतो. स्वमग्न मुलांच्या मातांच्या शरीरातील ताणाशी संबंधित संप्रेरकाचे मोजमाप अमेरिकेतील विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१० साली प्रसिद्ध केले. दीर्घकाळ अखंड ताणाखाली राहिलेल्या माणसांत जसा क्रम आढळतो, तसाच तो या मातांत आढळला.

कोकणी व मराठी वाचकांस अधिक जवळचा असा अभ्यास गोमंतकात झाला आहे. स्वमग्न मुलांच्या कुटुंबांच्या अडचणी आणि त्यांनी काढलेले मार्ग, या विषयावर गोव्यातील ‘संगाथ’ या संस्थेच्या अभ्यासकांनी २०१२ साली निबंध प्रसिद्ध केला. वीस सविस्तर मुलाखती आणि नऊ गटचर्चा यांवर तो आधारलेला आहे. त्यात एक क्रम दिसून येतो. प्रथम कुटुंब समाजापासून माघार घेते. लग्नकार्य, जत्रा, फेस्त यांना जाणे थांबते, कारण तेथे मुलाकडे बोटे दाखविली जातात आणि आईच्या वळणाविषयी कुजबुज होते. पुढे काही काळाने, नवे स्नेही, एखादी समजूतदार शिक्षिका, किंवा त्याच वाटेने गेलेले दुसरे आईबाप भेटतात, आणि कुटुंब हळूहळू पुन्हा माणसांत येते. आरोग्य, शिक्षण आणि धर्म या तिन्ही क्षेत्रांतील जाणत्यांना या कुटुंबांच्या गरजांची जाण अल्प आहे, आणि त्या अजाणतेपणाचा भुर्दंड कुटुंबांनाच पैशाने व मनःस्तापाने भरावा लागतो, असेही त्या निबंधात म्हटले आहे.

या अभ्यासाचे पुढचे पाऊल अधिक आशादायक आहे. २०१६ साली गोवा आणि पाकिस्तानातील रावळपिंडी येथील पासष्ट मुलांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. तज्ज्ञ डॉक्टर नसलेल्या, पण प्रशिक्षण दिलेल्या कार्यकर्त्यांनी आईबापांस मुलाच्या लहानसहान संकेतांना प्रतिसाद कसा द्यावा हे शिकविले. आईबापांच्या प्रतिसादात सुधारणा झाली, आणि मुलेही आपण होऊन अधिक वेळा संवाद साधू लागली. एके काळी ज्या आईस रोगाचे कारण ठरविले, तीच आता मुलाची पहिली शिक्षिका म्हणून शास्त्राने मान्य केली. मात्र येथेही सावध राहिले पाहिजे. शिक्षिका हे नवे पद तिच्यावर लादलेले नवे ओझे होता कामा नये. म्हणूनच तिच्या घरी जाऊन तिच्या शेजारी बसणारा कार्यकर्ता या प्रयोगात महत्त्वाचा आहे.

आता शेवटचा आणि सर्वांत नाजूक प्रश्न. या सोसण्यातून माणूस वाढतो काय? आघातानंतर काही माणसांत नवे बळ, नव्या मैत्री आणि जीवनाचे नवे मोल दिसून येते, ही गोष्ट टेडेस्की आणि कॅलहून या अमेरिकन अभ्यासकांनी १९९० च्या दशकात शास्त्रीय पद्धतीने मांडली. स्वमग्न मुलांच्या आईबापांतही असे अनुभव सांगणारे पुष्कळ आहेत. मूल एका शब्दाने पुढे गेले तर होणारा आनंद, निराळ्या माणसांकडे पाहण्याची बदललेली नजर, लोक काय म्हणतील या भीतीतून झालेली सुटका, यांविषयी ते बोलतात. पण त्याच अभ्यासकांनी सांगितलेली एक गोष्ट सहसा विसरली जाते. वाढ आणि व्यथा एकत्र नांदतात. पहिली आली म्हणून दुसरी जात नाही. तेव्हा पाहुण्याने अशा आईस “देव योग्य माणसाच्याच पदरी असे मूल घालतो” असे म्हणून उठून जावे, यात सांत्वन कमी आणि अंग काढून घेणे अधिक असते. तिच्या थोरपणाची स्तुती करणाऱ्याने त्या मुलाला दोन तास सांभाळून तिला झोपू दिले, तर ते स्तुतीपेक्षा मोलाचे होईल.

या साऱ्या इतिहासातून एक गोष्ट ठळकपणे हाती लागते. मिसिसिपीचा बाप, लंडनची आई, मुंबईचे वकील दाम्पत्य, दिल्लीची आई, गोमंतकातील कुटुंबे, यांपैकी कोणीही एकांतात सोसून मोठे झाले नाही. त्यांचे लिहिलेले कोणी वाचले, त्यांच्या बोलण्यावर कोणी विश्वास ठेवला, त्यांच्यासारखे दुसरे त्यांना भेटले, तेव्हा ती माणसे वाढली. ताण घराघरांत होता, पण वाढ संगतीत झाली. ऋद्धिपूरच्या गावकऱ्यांनी शास्त्र न शिकता जे केले, तेच आधुनिक काळाने शाळा, संघटना, कायदे आणि प्रशिक्षित कार्यकर्ते यांच्याद्वारे पुन्हा करून पाहिले आहे.

आज राजघाटाच्या परिसरातील एखाद्या कुटुंबात असे मूल असेल, तर त्याच्या आईबापांना नवस करण्यास कोणी मना करणार नाही, आणि करूही नये. तापीच्या पाण्याने मनास जी शांती मिळते तीही खरीच आहे. परंतु त्याच बऱ्हाणपुरात जिल्हाधिकाऱ्याच्या अध्यक्षतेखालील स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज करण्याचा हक्कही त्यांना आहे, अपंगत्वाचा दाखला मागण्याचा हक्क आहे, आणि मुलाला शाळेत घालण्याचा हक्क आहे. हे हक्क त्यांच्यासारख्याच आईबापांनी मिळविलेले आहेत. ते कागदावरून घरापर्यंत आणण्याचे काम मात्र शेजारी, शिक्षक, डॉक्टर आणि नातलग यांचे आहे, म्हणजेच तुमचे आमचे आहे.